सगळ्या पेशींत जनुकं तीच, मग डोकं कुठे करायचं हे ठरवतं कोण?

निरीक्षा

काही दिवसांपूर्वी भाचीने विचारलं, "मावशी, डोळ्याच्या पेशीत आणि यकृताच्या पेशीत अगदी तीच जनुकं असतात ना? मग डोळ्यात यकृत का नाही उगवत?" दहा मिनिटांत तिला काहीतरी सांगितलं, पण ते अर्धवट होतं हे मला डाचत राहिलं. डोळा आणि यकृत ही फार पुढची गोष्ट. अंड्यात एकच पेशी असते तेव्हा डोकं कुठल्या बाजूला करायचं हे तिला कोण सांगतं? तिथून सुरुवात करायला हवी होती. म्हणून हा धागा.

मी बरीच वर्षं फळमाशीच्या भ्रूणांवर काम केलं. तिचं अंडं जेमतेम अर्धा मिलिमीटर लांब. वरचं कवच ब्लीचने काढायचं, तेलाच्या थेंबात ठेवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत बसायचं. पहिला तास-सव्वा तास डोळ्यांना काहीच दिसत नाही, नुसता दाट बलक. आत मात्र गडबड चालू असते. केंद्रक दर आठ-नऊ मिनिटांनी दुप्पट होतंय, आणि केंद्रकांमध्ये पेशींच्या भिंतीच नाहीत! एकाच मोठ्या खोलीत सगळी केंद्रकं तरंगताहेत. नऊ-दहा विभाजनं झाली की ती पृष्ठभागाकडे येतात आणि अंड्याच्या कडेने एक स्वच्छ, पारदर्शक किनार उमटते. त्याच सुमारास मागच्या टोकाला मोजक्या गोल पेशी सुट्या होताना दिसतात. पुढच्या पिढीची अंडी आणि शुक्राणू त्यांच्यापासूनच होणार असतात. माशीचं डोकं अजून ठरायचंय, आणि नातवंडांची सोय आधी झालेली असते. हे मी शेकडो वेळा पाहिलंय आणि दर वेळी खुर्ची पुढे ओढून पाहिलंय.

तेरा विभाजनांनंतर सुमारे ६००० केंद्रकं होतात, मग त्यांच्यामध्ये भिंती उतरतात. फलनापासून जेमतेम तीन तास झालेले असतात. पण कुठल्या केंद्रकाने डोक्याकडचं व्हायचं आणि कुठल्याने शेपटीकडचं, याची वाटणी भिंती यायच्या आत बरीचशी झालेली असते.

ती वाटणी सुरू होते आईकडून. अंडं आईच्या शरीरात तयार होत असताना शेजारच्या पंधरा पोषक पेशी त्यात माल भरत असतात. त्या मालात 'बायकॉइड' नावाच्या जनुकाच्या आरएनए प्रती असतात आणि त्या अंड्याच्या पुढच्या टोकाला बांधून ठेवलेल्या असतात. अंडं घातलं गेलं की त्यांच्यापासून प्रथिन बनायला लागतं आणि ते मागे पसरतं. पुढे दाट, मागे जाता जाता विरळ. केंद्रकाला आपण कुठे आहोत हे या दाटपणावरून कळतं. भरपूर बायकॉइड असेल तर डोक्याची जनुकं चालू, थोडं कमी असेल तर छातीची, नसेलच तर भलतीच.

आईकडे हे जनुक बिघडलेलं असेल तर अळीला डोकंही नसतं आणि छातीही नसते, पुढच्या टोकालाही शेपटीकडचे भाग येतात. बापाकडून चांगली प्रत आली तरी उपयोग नाही. खुद्द भ्रूणाकडे चांगली प्रत असली तरी नाही. आईने अंड्यात काय ठेवलं तेवढंच मोजलं जातं. उलट बायकॉइडचा आरएनए अंड्याच्या मधोमध टोचला, तर डोक्याचे भाग मधोमध उगवतात.

हे सगळं उजेडात आलं ते क्रिस्तियाने न्यूसलाइन-फोल्हार्ड आणि एरिक वीशाउस यांच्या कामातून. हायडेलबर्गच्या प्रयोगशाळेत त्यांनी फळमाश्यांमध्ये हजारो बिघाड घडवून आणले आणि मेलेल्या अळ्यांच्या कातड्या एकेक करून तपासल्या. एकाच नमुन्यात दोघांना एकदम डोकावता येईल असा सूक्ष्मदर्शक त्यांच्याकडे होता. अळीच्या पोटावर बारीक दातऱ्यांचे पट्टे असतात. कुठल्या अळीत एकाआड एक पट्टा गायब, कुठे मधलं अख्खं शरीरच नाही, तर कुठे पट्ट्यांऐवजी सलग काटे. १९८० साली त्यांनी अशा १५ जनुकांची यादी छापली. १९९५ चं नोबेल या दोघांना आणि एडवर्ड लुईस यांना विभागून मिळालं.

प्रश्न विचारा. मला जमेल तेवढं सांगते.

वाटसरू

वाचतोय. मेलेल्या अळ्यांच्या कातड्यांवरून जिवंत शरीराचे नियम काढले, हे फारच भारी आहे. पुढचं येऊ द्या.

कोडवेडा

मस्त धागा. मी संगणकाच्या बाजूचा माणूस, त्यामुळे माझ्या डोक्यात आलं ते असं, की डीएनए म्हणजे शरीराचा नकाशा आणि बायकॉइड वगैरे तो नकाशा वाचणारे. बरोबर आहे का? नकाशात "इथे डोकं" असं लिहिलेलं असणार ना कुठेतरी?

निरीक्षा

@कोडवेडा, नेमकं तेच नाहीये, आणि तेच मला सर्वात जास्त सांगायचंय. "इथे डोकं" असं डीएनएत कुठेही लिहिलेलं नाही. शरीराचं चित्र, छोटं किंवा मोठं, कुठेच नाही. लिहिलेल्या आहेत त्या फक्त अटी. अमुक प्रथिन आसपास असेल आणि तमुक नसेल, तर हे जनुक चालू कर. प्रत्येक केंद्रक आपापल्या जागी एवढंच करतं. कुणालाही अख्खं शरीर माहीत नाही.

एक उदाहरण जरा जवळून बघू. 'इव्हन-स्किप्ड' नावाचं जनुक माशीच्या भ्रूणावर सात पट्ट्यांत चालू होतं. रंग देऊन पाहिलं की अंड्यावर सात गडद कडी दिसतात. पट्टे म्हटले की आपल्याला वाटतं, काहीतरी लाटेसारखं असेल, ठरावीक अंतरावर आपोआप उठणारं. तसं नाही. दुसरा पट्टा उमटवणारा डीएनएचा तुकडा वेगळाच आहे, सुमारे ५०० अक्षरांचा. तो जनुकाच्या शेजारी बसलेला एक स्विच आहे. त्यावर चार प्रथिनं येऊन बसतात. बायकॉइड आणि हंचबॅक म्हणतात "चालू". जायंट आणि क्रूपेल म्हणतात "बंद". बायकॉइड आणि हंचबॅक अंड्याच्या पुढच्या अर्ध्या भागात सगळीकडे आहेत, म्हणजे नुसतं त्यांच्यावर सोडलं तर रुंद पट्टाच्या पट्टा रंगेल. पण पुढच्या बाजूला जायंट आहे आणि मागच्या बाजूला क्रूपेल. दोघांच्या मध्ये एक चिंचोळी फट उरते, जिथे "चालू" म्हणणारे आहेत आणि "बंद" म्हणणारं कुणी नाही. ती फट म्हणजे दुसरा पट्टा.

तिसऱ्या पट्ट्याचा स्विच वेगळा, त्याच्या अटी वेगळ्या. हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी जरा हिरमुसलेच होते. एवढी सुंदर सात कडी, आणि त्यामागे एकही देखणं सूत्र नाही, फक्त ठिगळं? मग हळूहळू त्यातलं सौंदर्य कळलं. एक पट्टा बिघडला तर बाकीचे तसेच राहतात. उत्क्रांतीला एका ठिगळाशी खेळता येतं, बाकीचं कापड न उसवता.

कोडवेडा

समजलं. म्हणजे नकाशा नाही, आणि सगळं बघणारा मुकादमही नाही. सगळ्यांच्या हातात एकच नियमांची वही आणि प्रत्येकाने फक्त स्वतःच्या आजूबाजूला बघून पान उघडायचं. पण मग एक शंका. पहिली असमानता आईने दिली म्हणून हे चाललं. ती नसती तर?

निरीक्षा

तर सगळ्या केंद्रकांनी एकच पान उघडलं असतं! सगळीकडे सारखं असेल तर कुणाला काही ठरवताच येत नाही. कुठून तरी पहिला फरक यायला हवा. माशीत तो आई देते. बेडकात शुक्राणू कुठल्या बाजूने शिरला त्यावरून पाठ आणि पोट ठरतं. आपल्यात मात्र गोष्ट बरीच वेगळी आहे.

अबोली_२

नमस्कार. बरेच दिवस फक्त वाचते, आज लिहायचं धाडस करतेय. आमचे आयव्हीएफचे उपचार चालू आहेत. मागच्या वेळी पाच भ्रूणं तयार झाली होती. त्यातली तीन तिसऱ्या दिवशी थांबली. एक सहा पेशींवर, दोन आठवर. तिथल्या डॉक्टरांनी घाईत एवढंच सांगितलं की "त्यांची स्वतःची जनुकं जागीच झाली नाहीत". मी घरी येऊन खूप रडले. मला वाटलं माझ्या अंड्यांतच खोट आहे. आणि आता वर वाचलं की आईने अंड्यात काय ठेवलं तेवढंच मोजलं जातं. निरीक्षाताई, जनुकं जागी होणं म्हणजे नक्की काय असतं? कृपया सोप्या शब्दांत सांगाल का?

निरीक्षा

अबोली, लिहिलंस ते फार बरं केलंस. आधी एक दुरुस्ती. वरचं ते वाक्य माशीच्या एका जनुकाबद्दल होतं, ते तुझ्यापर्यंत असं पोचेल हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळे तुझ्या भ्रूणांचं नेमकं काय झालं हे मी सांगू शकत नाही. पण जागं होणं म्हणजे काय ते नीट सांगते.

फलन झाल्यावर भ्रूणाचा स्वतःचा डीएनए जवळजवळ गप्प असतो. अर्धा आईकडून आलेला, अर्धा वडिलांकडून, पण अजून कुणी वाचत नाही. पहिली विभाजनं चालतात ती अंड्यात साठवलेल्या शिदोरीवर. अंडं ही शरीरातली सर्वात मोठी पेशी, साधारण एक दशांश मिलिमीटर. एकाच्या दोन, दोनाच्या चार पेशी होतात, पण भ्रूण तसूभरही वाढत नाही, तेवढ्याच ऐवजाच्या वाटण्या होत जातात. दरम्यान दोन गोष्टी एकदम व्हायच्या असतात. आईच्या आरएनए प्रती मोडीत काढायच्या आणि भ्रूणाने स्वतःची जनुकं वाचायला सुरुवात करायची. उंदरात हे दोन पेशींवरच होतं. माणसात चार ते आठ पेशींच्या टप्प्यावर, हे १९८८ साली दाखवलं गेलं. दिवसांत मोजलं तर साधारण तिसरा दिवस.

म्हणजे तिसऱ्या दिवसापर्यंत भ्रूण आईच्या शिदोरीवर चालतं, आणि तिथे ते पहिल्यांदा स्वतःच्या पायांवर उभं राहतं. म्हणूनच पुष्कळ भ्रूणं नेमकी तिथे थांबतात. आत काही बिघडलेलं असेल तर तोवर कळतच नाही, कारण तोवर त्या जनुकांवर काही अवलंबूनच नसतं.

आणि बिघाड म्हणजे बहुतेक वेळा काय, तर गुणसूत्रांची वाटणी चुकणं. यातली काही चूक अंडं पिकताना होते. वय वाढतं तसं हे वाढतं, हे खरं आहे. पण त्यात तुझ्या वागण्याचा भाग नाही. तुझी अंडी तू तुझ्या आईच्या पोटात होतीस तेव्हाच अर्ध्या वाटेवर येऊन थांबलेली होती, दशकानुदशकं तशीच थांबून होती. काही चुका फलनानंतरच्या पहिल्या दोन-तीन विभाजनांत होतात, त्या अंड्यातही नव्हत्या आणि शुक्राणूतही नव्हत्या. माणसाच्या भ्रूणात अशा चुका फार होतात. तरुण जोडप्यांतही होतात. तपासणीत काही दोष नसलेल्यांतही होतात.

वडिलांचा वाटाही नुसत्या डीएनएपुरता नसतो. माणसात पेशी विभागताना दोरे ओढणारी जी यंत्रणा लागते, तिचा गाभा शुक्राणू घेऊन येतो. आणि काही जनुकं फक्त वडिलांकडून आलेली असतील तरच वाचली जातात, काही फक्त आईकडून आलेली. १९८४ साली उंदरांवर हे सिद्ध झालं. दोन्ही गुणसूत्रसंच आईचेच किंवा दोन्ही वडिलांचेच दिले तर भ्रूण तगत नाही, डीएनए पुरेसा असूनही.

तेव्हा "माझ्या अंड्यांत खोट" हे तुझं तूच काढलेलं अनुमान आहे. तीन भ्रूणं थांबण्यावरून ते निघत नाही.

प्रयोगवही

अबोली, मी अशाच एका प्रयोगशाळेत भ्रूणतज्ज्ञ म्हणून काम करते. निरीक्षाताईंनी अगदी नेमकं सांगितलंय. पाचातली दोन पुढे गेली असतील तर ते आमच्याकडे रोज दिसणाऱ्यापेक्षा वेगळं नाही. फलित झालेल्या सगळ्या अंड्यांतली साधारण निम्मीच पाचव्या दिवसापर्यंत पोचतात. हे रुग्णांना आधीच सांगायला हवं. आमच्यातले सगळे सांगतात असं नाही, याचं मला वाईट वाटतं.

चौथ्या दिवशी काय होतं ते सांगते, कारण मला ते सर्वात आवडतं. तिसऱ्या दिवशी पेशी सुट्या गोट्यांसारख्या दिसतात, एकेक मोजता येते. चौथ्या दिवशी बघावं तर गोट्या गायब! पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगतात की कडाच दिसेनाशा होतात, सगळा एक गुळगुळीत गोळा. कॅमेरा सतत चालू असतो, त्यामुळे ते बिलगणं पटापट पुढे सरकवून बघता येतं.

पहिला फरक येतो तो इथे. बिलगल्यामुळे काही पेशी बाहेर राहतात, काही आत अडकतात. बाहेरच्या पेशीची एक बाजू मोकळी असते, आतलीला चारी बाजूंनी शेजार. मोकळी बाजू असलेल्या पेशीत वायएपी नावाचं प्रथिन केंद्रकात शिरतं आणि सीडीएक्स२ हे जनुक चालू होतं. तिची पुढे वार होते. आतल्या पेशीत वायएपी बाहेरच अडवलं जातं, तिथे सॉक्स२, नॅनॉग वगैरे जनुकं चालू राहतात, आणि बाळ होतं ते त्या पेशींपासून. आपल्या आयुष्यातला पहिला निर्णय म्हणजे "मी बाहेर आहे की आत?" एवढाच.

शंकासुर

सगळं छान आहे, पण मला एक कळत नाही. माशीत आई पुढचं टोक ठरवते, माणसात बाहेर-आत यावरून ठरतं. दोन्हींत काडीचं साम्य नाही. मग माशीवर एवढी वर्षं आणि एवढा पैसा घालून माणसाबद्दल काय कळलं? बायकॉइड आपल्यात आहे का?

निरीक्षा

@शंकासुर, नाही. बायकॉइड आपल्यात नाही, खूपशा कीटकांतही नाही, फक्त माश्यांच्या काही कुळांत आहे. सुरुवात प्रत्येक प्राणी आपापल्या पद्धतीने करतो. आठ पेशींच्या मानवी भ्रूणातून एक पेशी काढून घेतली तरी पूर्ण बाळ होतं. एकाच भ्रूणाचे दोन भाग होऊन सारखी जुळी होतात. त्या टप्प्यावर कुणाची जागा ठरलेलीच नसते. माशीच्या अंड्यात हे चालणार नाही.

पण पुढे आलं की साम्य अंगावर येतं. एडवर्ड लुईस यांनी माशीत काही जनुकं शोधली होती, जी बिघडली तर अवयव चुकीच्या जागी उगवतात. दोन पंखांच्या जागी चार पंख. दुसऱ्या एका जनुकाच्या बिघाडात मिशांच्या जागी पाय. आणि गंमत ही, की ही जनुकं गुणसूत्रावर ज्या क्रमाने बसलेली आहेत त्याच क्रमाने ती डोक्यापासून शेपटीपर्यंत काम करतात. १९८४ च्या सुमारास बाझेल आणि इंडियाना इथल्या दोन गटांना स्वतंत्रपणे आढळलं की या सगळ्यांत १८० अक्षरांचा एक तुकडा जवळजवळ सारखा आहे. तोच तुकडा मग बेडकात, उंदरात आणि माणसात सापडला. या जनुकांना हॉक्स म्हणतात. माशीत अशी ८, आपल्यात ३९, चार गठ्ठ्यांत. क्रम तोच. मान, छाती, कंबर यांतले मणके वेगळे का, याचं उत्तर त्या क्रमात आहे.

दुसरं उदाहरण डोळ्याचं. माशीत 'आयलेस' नावाचं जनुक गेलं की डोळा होत नाही. उंदरातलं तसंच जनुक पॅक्स६. १९९५ साली वाल्टर गेरिंग यांच्या गटाने उंदराचं पॅक्स६ माशीच्या पायात, पंखात चालू केलं. तिथे डोळा उगवला. डोळा उंदराचा नाही, माशीचा, शेकडो बारीक भिंगांचा! "इथे डोळा कर" एवढाच निरोप उंदराच्या जनुकाने दिला आणि कसा करायचा ते माशीच्या पेशींनी त्यांच्या पद्धतीने ठरवलं. माणसात याच जनुकाची एक प्रत बिघडली तर डोळ्यातली बाहुलीभोवतीची रंगीत चकतीच नीट होत नाही.

माशीवर घातलेली वर्षं मला तरी वाया गेल्यासारखी वाटत नाहीत.

शंकासुर

पायावर डोळा! हे माहीत नव्हतं. पटलं. मागे घेतो.

बाळांचा_डॉक्टर

फार चांगली चर्चा. माझ्या बाजूने दोन गोष्टी.

पहिली, सहा बोटांची. नवजात बाळाला अंगठ्याशेजारी जास्तीचा अंगठा असतो आणि घरचे ग्रहणाबद्दल, आईने काय पाहिलं याबद्दल बोलत असतात. मी त्यांना बसवून समजावतो. हाताचा कोंब फुटतो तेव्हा त्याच्या करंगळीकडच्या कडेला 'सॉनिक हेजहॉग' हे जनुक चालू असतं आणि अंगठ्याकडे बंद. करंगळीकडून अंगठ्याकडे विरळ होत जाणाऱ्या त्या प्रथिनामुळे कुठलं बोट कसं हे ठरतं. (वर निरीक्षाताईंनी सलग काटे असलेल्या अळीचा उल्लेख केलाय, माशीतल्या हेजहॉग जनुकाचा बिघाड तसाच दिसतो. आपल्यातलं त्याचंच भावंड.) हातात हे जनुक चालू करणारा स्विच जनुकापासून सुमारे १० लाख अक्षरं लांब आहे, आणि तोही दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात बसलेला. त्या स्विचमधलं एकच अक्षर बदललं तर जनुक अंगठ्याच्या बाजूलाही थोडं चालू होतं आणि जास्तीचं बोट येतं. जनुक स्वतः ठणठणीत असतं! सापांत हा स्विच मोडलेला आहे. बहुबोटी मांजरांत तो बदललेला आहे. जास्तीच्या बोटांची कारणं इतरही आहेत, पण ग्रहण त्यात नाही.

याच जनुकाची दुसरी बाजू भीषण आहे. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या ऐडाहो भागात मेंढ्यांना कपाळाच्या मध्ये एकच डोळा असलेली कोकरं होत होती. शोध घेतल्यावर एका रानटी लिलीसारख्या वनस्पतीपर्यंत माग गेला. गाभण मेंढीने ती नेमकी चौदाव्या दिवशी खाल्ली तर असं व्हायचं. पुढे कळलं की तिच्यातलं रसायन हेजहॉगचा निरोप पेशीपर्यंत पोचू देत नाही. आपल्या प्रत्येकात सुरुवातीला डोळ्याचं क्षेत्र एकच असतं. मधल्या रेषेवरून हेजहॉगचा निरोप आला की ते दुभंगतं आणि दोन डोळे होतात.

दुसरी गोष्ट, मेंदू आणि मज्जारज्जूची नळी फलनापासून २८ व्या दिवसापर्यंत मिटून झालेली असते. पाळी चुकून दोन आठवडे झालेले असतात, कित्येकींना तोवर कळलेलंही नसतं. म्हणून फोलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, आणि तेही गर्भ राहण्याआधीपासून. दिवस राहिल्याचं कळल्यावर सुरू केलं तर नळीच्या दृष्टीने उशीर झालेला असतो. आधीच्या बाळात ही नळी नीट मिटलेली नसेल तर मात्रा बरीच जास्त लागते, ती डॉक्टरांना विचारूनच.

चैत्रपालवी

डॉक्टरसाहेब, ग्रहणाचं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. माझ्या धाकट्या बहिणीला यावरून काय काय ऐकून घ्यावं लागलंय ते मला माहीत आहे. हा प्रतिसाद तिला पाठवतेय.

एक शंका. सुरुवातीला सगळी बाळं मुलीच असतात आणि नंतर काहींचे मुलगे होतात असं वाचलं होतं. खरं का?

बाळांचा_डॉक्टर

तसं म्हणणं बरोबर नाही. सहाव्या आठवड्यापर्यंत जननग्रंथी दोन्ही वाटांना मोकळी असते, ना मुलीची ना मुलाची. मग वाय गुणसूत्रावरचं एसआरवाय जनुक चालू झालं तर वृषणं होतात. नसेल तर बीजकोश, पण तेही आपोआप नाही, त्याचीही स्वतंत्र जनुकं आहेत. एसआरवायचा शोध १९९० चा.

वाटसरू

डोकं-शेपूट कळलं, आत-बाहेर कळलं. हृदय डावीकडेच का असतं? उजवं-डावं ओळखायला पेशीकडे काय खूण असणार?

निरीक्षा

@वाटसरू, हा माझा सर्वात लाडका प्रश्न. पुढे-मागे आणि वर-खाली ठरलं तरी उजवं-डावं त्यातून मिळत नाही, आरशातही ते दोन्ही सारखेच राहतात. मग काहीतरी असं हवं जे स्वतःच एका हाताचं आहे, हातमोज्यासारखं, आरशात वेगळं दिसणारं.

तिसऱ्या आठवड्यात भ्रूणाच्या मध्यरेषेवर एक छोटा खळगा असतो. त्यातल्या पेशींवर एकेक केसासारखा धागा. उंदरात असे दोनेकशे. ते सगळे एकाच दिशेने गरगरतात, घड्याळाच्या काट्यांसारखे. शिवाय मागे झुकलेले असतात, त्यामुळे डावीकडे जाणारा फटकारा मोकळ्या द्रवात बसतो आणि परतीचा तळाशी घासून मंदावतो. एकूण प्रवाह डावीकडे. त्यामुळे डाव्या काठावर 'नोडल' जनुक जोर धरतं, मग पिट्क्स२, आणि हृदयाची नळी वळते ती ठरलेल्या बाजूला. १९९८ मध्ये जपानमधल्या हिरोकावा यांच्या गटाने हा प्रवाह दाखवला. पुढे उंदराच्या भ्रूणावर बाहेरून उलटा प्रवाह सोडून पाहिला, तर आतल्या अवयवांची बाजूच उलटली.

ज्यांच्यात हे धागे जन्मतः हलत नाहीत, त्यांच्यातल्या साधारण निम्म्यांचं हृदय उजवीकडे असतं. निम्म्यांचंच, कारण प्रवाह नसला की बाजू नशिबावर जाते. तसेच धागे श्वासनलिकेत कफ वर ढकलतात, म्हणून या लोकांना लहानपणापासून सर्दी-खोकला सतत असतो.

आणि धागा एकाच दिशेने का फिरतो? कारण तो ज्या प्रथिनांचा बनलेला आहे, त्यांच्या रेणूंची ठेवणच एका हाताची आहे. तुमचं हृदय डावीकडे आहे याचं कारण शोधत गेलात तर ते तिथपर्यंत जातं.

कोडवेडा

@प्रयोगवही, भ्रूण प्रयोगशाळेत १४ दिवसांपुढे वाढवत नाहीत असं ऐकलंय. तो आकडा कुठून आला?

प्रयोगवही

ब्रिटनमधल्या वॉर्नक समितीने १९८४ मध्ये तो सुचवला, १९९० मध्ये तिथे कायदा झाला, पुढे अनेक देशांनी घेतला. साधारण पंधराव्या दिवशी भ्रूणाच्या चकतीवर एक रेघ उमटते. तिथून पेशी आत शिरतात आणि तीन थर होतात: त्वचा-मेंदूचा, स्नायू-हाडांचा आणि आतड्यांचा. रेघ उमटली की त्याची जुळी होऊ शकत नाहीत, एकच शरीर ठरलं. म्हणून आकडा त्याच्या अलीकडचा. मूलपेशींवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२१ मध्ये आपल्या मार्गदर्शक सूचनांतून सरसकट बंदी काढली आणि प्रत्येक प्रस्ताव वेगळा तपासावा असं म्हटलं. कायदे मात्र बऱ्याच ठिकाणी तसेच आहेत.

आणखी एक. लंडनच्या क्रिक संस्थेत २०१७ मध्ये मानवी भ्रूणातलं ओसीटी४ जनुक मोडून पाहिलं. उंदरात ते नसलं तरी भ्रूणाचा पोकळ फुगा (माणसात तो पाचव्या दिवशी होतो) तयार होतो. माणसात तोही नीट होईना. म्हणजे उंदरावरून माणसाचं सगळं सांगता येत नाही. @शंकासुर, तुमची शंका अगदीच अनाठायी नव्हती.

अबोली_२

सगळ्यांचे आभार. परत परत वाचलं. काल भेटीची वेळ होती. या वेळी कागदावर प्रश्न लिहून नेले: कितव्या दिवशी थांबली, किती पेशींवर, गुणसूत्रांची तपासणी आमच्या बाबतीत उपयोगी आहे का, उरलेल्या दोघांचं काय. डॉक्टरांनी या वेळी बसून उत्तरं दिली. उरलेली दोन्ही पाचव्या दिवसापर्यंत पोचली होती, गोठवून ठेवली आहेत. त्यांनी मला एकाचं चित्र दाखवलं. आतल्या बाजूला पेशींचा छोटासा पुंजका आणि भोवती पातळ कडं.

प्रयोगवही, तो पुंजका म्हणजेच आतल्या पेशी ना?

प्रयोगवही

हो, त्याच. आणि भोवतीचं कडं म्हणजे पुढची वार. पुंजका घट्ट होता की विस्कळीत, ते पुढच्या वेळी विचार.